उतरत्या पाण्यावरचा गळ: आश्विन ते मार्गशीर्ष, मराठवाड्यातल्या धरणांवर

भाद्रपदात नाल्याच्या तोंडाशी गांडूळ लावून टाकलेला गळ दहा मिनिटं रिकामा राहत नाही. त्याच जागी दिवाळीत दिवसभर बसलं तरी दोऱ्यावरचं तरंगतं बूच हलत नाही. मग दोष चाऱ्याला दिला जातो, गळाला दिला जातो, नाहीतर सोबत आलेल्याच्या पायगुणाला. खरं कारण एवढंच की मासा तिथून केव्हाच हललेला असतो. पावसाळ्यात नाल्यातून वाहत येणाऱ्या किड्यामुंग्या आणि गांडुळं बंद झाली, नाला आटला, तर त्यानं तिथं थांबावं तरी कशासाठी?

परतीच्या पावसापासून थंडी पडेपर्यंतचे हे अडीच-तीन महिने आपल्या हिशोबाने एकच ऋतू असतो, पण पाण्याखाली त्याचे तीन तुकडे पडतात. कोजागरीपर्यंत पाणी गढूळ, कोमट आणि काठोकाठ. कोजागरी ते कार्तिकी पौर्णिमा पाणी निवळतं, दिवसा तापतं, रात्री निवतं. त्यानंतर रब्बीचं आवर्तन (शेतीसाठी कालव्याला सोडायचं पाणी) सुटतं, पातळी उतरू लागते आणि गारठा वाढतो. प्रत्येक तुकड्यात जागा वेगळी, चारा वेगळा, वेळही वेगळी. यातला मधला काळ सगळ्यात चांगला, म्हणून इथे त्यावरच जास्त लिहिलं आहे.

निघण्याआधी

पहिला फोन मच्छीमार संस्थेला करा. धरणं आणि मोठे तलाव मासेमारीसाठी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. काठीने दोन मासे धरायचे असले तरी त्यांना विचारावं लागतं. गावातल्या पाझर तलावाचं ग्रामपंचायतीत विचारा. पैठणचा नाथसागर जायकवाडी पक्षी अभयारण्यात येतो, तिथे वनविभागाचे नियमही लागू असतात. भिंतीजवळ, दरवाजांजवळ आणि कालव्याच्या विमोचकाजवळ (जिथून कालव्यात पाणी सोडतात) बसायचंच नाही, ते प्रतिबंधित क्षेत्र आहे.

याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: बोटुकली (बोटाएवढी माशांची पिलं) शेवटची कधी सोडली? रोहू, कटला आणि मृगल अंडी घालतात ती पुराच्या वाहत्या पाण्यात. धरणाच्या साठलेल्या पाण्यात त्यांची पैदास फारशी होत नाही, म्हणून दरवर्षी बीज सोडावं लागतं. दुष्काळात धरण आटलं तर मोठा मासा संपतो आणि हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा सालानंतर दोन पावसाळे जाईपर्यंत तिथे पाच किलोचा कटला शोधण्यात अर्थ नसतो. मरळीचं मात्र तसं नाही. ती चिखलात, डबक्यात तग धरते आणि पाणी आलं की आपली आपण वाढते. धरण नुकतंच भरलेलं असेल तर सरळ मरळीच्याच मागे लागा.

जागा शोधताना

धरणाचा तळ बघायची वेळ मे महिना. पाणी आटलं की जुनं नदीपात्र, बुडालेले बांध, पाण्याखाली गेलेला गाडीरस्ता, विहिरीचं कडं, धरणात गेलेल्या गावाची पांढरी (वस्तीची जागा), सगळं उघडं पडतं. तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि फोटोत काठावरचं एखादं झाड किंवा मंदिराचा कळस येईल असं बघा. आश्विनात त्या सगळ्यावर दोन-तीन परस (परस म्हणजे पुरुषभर उंची) पाणी असतं. तेव्हा तोच कळस डोळ्यासमोर धरून गळ कुठं टाकायचा ते ठरवता येतं. पांढरीचा उंचवटा जिथे जुन्या पात्राकडे उतरतो ती कड सगळ्यात भरवशाची. मासा उंचवट्यावर चरतो आणि जरा धोका वाटला की खोलात सरकतो.

फोटो नसतील तर शिसं वापरा. ३० ग्रॅमचं सपाट बुडाचं शिसं घ्या, त्याच्या बुडाला ओल्या साबणाचा तुकडा दाबून बसवा आणि नुसत्या दोऱ्याने टाकून सावकाश ओढत आणा. शिसं गुळगुळीत सरकत आलं तर गाळ. टकटक अडखळलं तर मुरूम नाहीतर दगड. वर काढलं की साबणाला जे चिकटलं ते बघा आणि नाकाला लावा. वाळू किंवा करडी माती असेल तर जागा चांगली. काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ असेल तर तळाला प्राणवायू नाही. तिथे तळावर चारा टाकून बसणं म्हणजे वेळ घालवणं. अशा ठिकाणी एकतर मधल्या पाण्यात टाका, नाहीतर जागा बदला.

वाऱ्याचंही गणित या काळात उलटं होतं, आणि बहुतेक जण ते विसरतात. पावसाळाभर वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पाण्यावरचं शेवाळ, किडे आणि बारीक जीव पूर्वेच्या काठाला लोटले जातात. मान्सून माघारी फिरला की वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून सुरू होतो आणि तोच चारा पश्चिमेच्या काठाला जमतो. कटला हेच खाणारा मासा आहे. म्हणजे पावसाळ्यातली आपली नेहमीची जागा आता चुकीच्या काठावर असते. वारं तोंडावर घेऊन बसावं लागतं, बूच दिसायला त्रास होतो, फेकही कमी जातो. पण मासा त्याच बाजूला असतो.

कोल्हापुरी बंधाऱ्यांवर वेगळी खूण बघा. पावसाळा संपता संपता, साधारण ऑक्टोबरच्या मध्यात, बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकतात. त्याआधी नदी वाहती असते आणि मासा डोहात किंवा धारेच्या कडेला असतो. बर्गे पडले की आठवडाभरात पाणी तुंबून काठावरच्या हरळीत, लव्हाळ्यात आणि बेशरमाच्या झुडपांत शिरतं. या नव्या भिजलेल्या गवतात मरळ हमखास येते. पहिले पंधरा दिवस सोन्यासारखे. पुढे गवत सडायला लागतं आणि पाणी काळपट होतं, तरी मरळ तिथे राहते.

मरळ

मरळीला गवत आवडतं हे सगळ्यांना माहीत असतं. का आवडतं ते कळलं तर ती शोधणं सोपं जातं. मरळ पाण्यातल्या प्राणवायूवर पूर्ण अवलंबून नसते. ती वर येऊन तोंडाने हवा घेते. त्यामुळे गवत सडून जिथे रोहू-कटल्याचा जीव गुदमरतो तिथेही ती मजेत राहते, आणि घुसमटून वर आलेल्या बारक्या माशांवर ताव मारते. आश्विनात गवत कुजू लागलं की लोक ती जागा सोडतात. मरळीसाठी जायचं ते तिथेच.

ती हवा घ्यायला वर येते हीच तिची चुगली. काठापासून चार-पाच पावलं मागे, सावली पाण्यावर पडणार नाही असं उभं राहा आणि दहा मिनिटं काहीही टाकू नका. गवताच्या फटीत ‘टप्प’ असा दबका आवाज येतो, वाटीएवढं वर्तुळ उठतं आणि मागे दोन-चार बुडबुडे राहतात. चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) वर्तुळाला असा आवाज नसतो आणि ती एकामागून एक उठवत राहते. मरळ एकदा वर आली की काही मिनिटांनी त्याच आसपास पुन्हा येते. दोनदा दिसली की जागा पक्की.

तांबूस-केशरी बारक्या पिलांचा झुबका पाण्याच्या वर खदखदताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि पिलांजवळ जे येईल त्यावर तुटून पडतात, म्हणून ते पटकन लागतात. पण ते गेले की तासाभरात चिलापी आणि इतर मासे सगळी पिलं फस्त करतात. एका मरळीपायी पुढच्या सालच्या शेकडो मरळी जातात. हे झुबके सहसा पावसाळ्यात दिसतात, तरी उशिरा पाऊस झालेल्या साली ऑक्टोबरातही सापडतात.

सामान असं: साडेसहा ते सात फुटांची मीडियम-हेवी काठी, ३००० किंवा ४००० नंबरचं रीळ, ४० पौंडांचा वेणीचा दोरा. इथे तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोरा) नको. तो ताणतो, त्यामुळे गवतात झटका गळापर्यंत पोचत नाही. वेणीचा दोरा ताणत नाही आणि गवताचे देठ कापत येतो. आमिष म्हणून पोकळ रबरी बेडूक, पाच ते सहा सेंटीमीटर लांब, १० ते १५ ग्रॅम वजनाचा, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. खरा बेडूक लावू नका. आपल्याकडचा मोठा पिवळा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि रबरी बेडूक गवतात त्याच्यापेक्षा चांगला चालतो.

नवा बेडूक विकत घेतल्यावर दोन कामं करा. पोट अंगठ्याने दाबून बघा: गळाची टोकं लगेच उघडी पडली पाहिजेत. रबर फार कडक असेल तर पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवून मऊ करा. दुसरं, टोकं पक्कडने अगदी किंचित, केसभर, बाहेरच्या बाजूला वाकवा. जास्त वाकवलीत तर प्रत्येक फेकीला गवत अडकून येईल. शेपटीचे रबरी धागे फार लांब असतील तर बेडकाच्या अंगाएवढे ठेवून कापा, नाहीतर मरळ शेपटीच तोंडात धरते आणि गळ बाहेर राहतो.

पहिला फेक समोर खोलात टाकायचा मोह आवरा. तो काठाला समांतर, पायापासून हात-दीड हातावर टाका. सकाळी मरळ बऱ्याचदा घोटाभर पाण्यात असते. आपण तिच्यावरून फेक करतो आणि काठावर पाय आपटून तिला हाकलतो. वर्तुळ दिसलं असेल तर बेडूक थेट त्यावर पाडू नका. पाच-सहा फूट पलीकडे टाका आणि गवतावरून सरकवत आणा. दोन हलके झटके, मग थांबा. गवतात जिथे ताटलीएवढं उघडं पाणी असेल तिथे तीन-चार सेकंद नुसता बसू द्या. बहुतेक चावे या थांब्यावरच येतात.

मरळ धरते तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज होतो आणि हात आपोआप वर जातो. निम्म्या मरळी इथेच सुटतात. तिनं बेडूक गवतासकट तोंडात घेतलेला असतो, तो नीट आत जाऊन तोंड मिटायला क्षणभर लागतो. काठीचं टोक खाली ठेवा, दोरा हलायला लागेपर्यंत किंवा हाताला वजन जाणवेपर्यंत थांबा (साधारण ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत), मग सैल दोरा गुंडाळून दोन्ही हातांनी जोरात वर खेचा. खेचल्यावर ढील देऊ नका. तिचं डोकं वरच राहिलं पाहिजे, म्हणजे ती गवतावरून घसरत येते. एकदा खाली घुसली की देठांना दोरा गुंडाळून बसते. तसं झालं तर ओढाताण करू नका. दोरा एक मिनिट सैल सोडा, बऱ्याचदा ती स्वतःच वाट काढून निघते.

चाव्यामागून चावे सुटत असतील तर कारणं क्रमाने तपासा. बेडकात पाणी शिरलं का? पोट दाबून काढून टाका. पाणी भरलेला बेडूक दाबला जात नाही, मग टोकं उघडी पडत नाहीत. टोक बोथट झालं का? नखावर टेकवून बघा, घसरलं तर कानस मारा. शेवटच्या वीतभर दोऱ्याला दातांची खरबड लागली असेल तर तो कापून नव्याने गाठ मारा. आणि सगळं ठीक असूनही मासा नुसता उसळून सोडून देत असेल तर तो भुकेने नाही, चिडून येतोय. तिथेच दुसरी काठी तयार ठेवून लगेच छोटा मऊ प्लास्टिकचा मासा टाका, ३/० च्या गवत न धरणाऱ्या गळावर.

गाठ पालोमारची मारा. दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून घाला, साधी गाठ सैल बांधा, पुढचा फासा अख्ख्या बेडकावरून पलीकडे न्या, थुंकीने ओला करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की दोरा घासून तापतो आणि बरोबर तिथेच तुटतो.

रोहू, कटला, मृगल

ऑक्टोबरची दुपार तापते आणि रात्र गार होते. रात्री वरचं पाणी थंड होऊन जड होतं आणि खाली जातं, तळाचं शिळं पाणी वर येतं. मोठ्या धरणात हे हळूहळू होतं. पाझर तलावात किंवा शेततळ्यात एखाद्या ढगाळ, वाऱ्याच्या रात्रीत सगळं पाणी उलटतं. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की लोक खूश होऊन गळ टाकतात. पण तो मासा खायला आलेला नसतो, श्वासाला आलेला असतो. अशा वेळी काही लागत नाही. ऊन चढून शेवाळातून प्राणवायू सुटायला लागेपर्यंत, म्हणजे दहा वाजेपर्यंत, थांबा किंवा दुसऱ्या पाण्यावर जा.

तिघांची तोंडं बघितली तरी कोणाला कुठे चारा द्यायचा ते कळतं. कटल्याचं तोंड वर उघडतं, तो वरच्या थरात खातो. रोहूच्या ओठांना झालर असते आणि तो मधल्या पाण्यात, बुडालेल्या काटक्या-दगडांवरचं शेवाळ खरवडतो. मृगलाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाचा. सायप्रिनस (कॉमन कार्प) हाही तळाचाच. म्हणून कटल्यासाठी चारा वरून हात-दीड हात खाली लटकता ठेवा, रोहूसाठी तळापासून हातभर वर, मृगलासाठी तळाला टेकलेला.

टाकायचा चारा आदल्या दिवशी भिजवा. शेंगदाण्याची पेंड एक किलो फोडून रात्रभर पाण्यात ठेवा, त्यात गव्हाचा कोंडा एक किलो आणि शिजवलेला ज्वारीचा भरडा अर्धा किलो मिसळा. झाकून ठेवलं की ऑक्टोबरात दिवसभरात आंबूस वास येतो, डिसेंबरात दीड-दोन दिवस लागतात. आंबूस चालतो, सडका नाही. बुरशी धरली तर फेकून द्या. सरकी पेंड स्वस्त मिळते, पण तिची साल आणि तंतू गोळा बांधू देत नाहीत. काठावर पोचल्यावर तिथलीच मूठभर चिकणमाती मिसळून संत्र्याएवढे गोळे करा. सुरुवातीला आठ गोळे एकाच जागी, खाटेएवढ्या जागेत पडतील असे टाका. पुढे दर अर्ध्या तासाला एक. सगळा चारा एकदम ओतला की मासा पोट भरून निघून जातो, आणि आपण चिलापीचं जेवण घातलेलं असतं.

गळावरचा गोळा वेगळा. गव्हाचं पीठ दोन वाट्या, मंद भाजलेलं बेसन एक वाटी, चाळलेली शेंगदाणा पेंड एक वाटी, मैदा पाव वाटी, लिंबाएवढा गूळ, चिमूट-दोन चिमूट कुटलेली बडीशेप. पाणी चमचा-चमचा घालत मळा, कानाच्या पाळीएवढं मऊ झालं की थांबा आणि ओल्या फडक्यात वीस मिनिटं ठेवा. मग एक गोळी काठाजवळच्या पाण्यात टाकून घड्याळ लावा. तीन-चार मिनिटांत विरघळली तर मैदा वाढवा. वीस मिनिटांनीही तशीच टणक असेल तर गळाचं टोक त्यातून बाहेर येणार नाही, थोडं पाणी लावून पुन्हा मळा. दहा-बारा मिनिटं टिकली की बरोबर. गोळीचा आकार बोराएवढा, गळ ६ नंबरचा, टोक किंचित बाहेर. तेल घालू नका. थंडीत ते घट्ट होतं आणि वास पाण्यात पसरत नाही.

दोरा इथे तंगूसच, ०.३० ते ०.३५ मिलिमीटर. रोहूचा पहिला धक्का जबरदस्त असतो, तो झेलायला दोऱ्यात ताण हवा. रिळाचा ड्रॅग (जोरात ओढ बसली की दोरा सुटू देणारा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या पाव भागावर ठेवा. सात किलोचा दोरा असेल तर पावणेदोन किलोला सुटला पाहिजे. ताणकाट्याला दोरा अडकवून एकदा मोजून बघा. हाताच्या अंदाजाने जवळजवळ सगळेच जण तो जास्त आवळतात. कटल्याच्या तोंडाची कड मऊ असते, त्याच्यासाठी आणखी थोडा सैल करा, नाहीतर गळ फाडून निघतो.

बुचाचा नखरा ओळखायला शिका. आधी थरथरून मग तिरकं सरकत बुडालं तर रोहू. उभं बूच अचानक वर उचललं जाऊन आडवं पडलं तर सायप्रिनस किंवा मृगलाने तळावरून गोळी शिशासकट उचलली आहे, तेव्हाच खेचा, बुडायची वाट बघू नका. टिकटिक करून गोळी गायब म्हणजे चिलापी. बूच बाजारातलंच हवं असं नाही, ज्वारीच्या वाळक्या धांड्याचा बोटभर तुकडा दोन तास चांगला तरंगतो, मग पाणी पितो. फक्त वजन तोलून घ्या: पाण्यावर नखाएवढंच टोक दिसेल इतकं शिसं लावा. जास्त वर राहिलं तर माशाला ते ओढताना जड लागतं आणि तो गोळी थुंकतो.

स्प्रिंगमध्ये चाऱ्याचा गोळा दाबून भोवती सहा-आठ गळ लटकवायची पद्धत धरणांवर सर्रास दिसते. कटल्याला ती चालते, पण एवढे गळ असले की मासा तोंडाऐवजी पोटात, कल्ल्यात अडकतो आणि सुटून गेला तरी मरतो. दोन गळ पुरतात.

आवर्तन सुटल्यावर

काठावर पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. संध्याकाळी पाणी काडीपासून सरकलं असेल तर आवर्तन सुरू आहे. उतरत्या पाण्यात मासा उथळावर थांबत नाही, कोरड्यावर अडकायची भीती त्याला असते. दिवसाला चार बोटं उतरत असेल तर गवताचा नाद सोडा आणि जुन्या पात्राच्या कडेला, दोन परस किंवा त्याहून खोल पाण्यात टाका. येलदरीसारख्या दरीतल्या धरणात हे खोल पाणी काठापासून जवळ असतं. नाथसागर पसरट आहे, तिथे काठावरून पोचणं अवघड जातं, म्हणून उतारावर पुढे घुसलेली जमिनीची जीभ शोधून तिच्या टोकावर बसा. आवर्तन बंद झालं आणि पातळी दोन-तीन दिवस स्थिर राहिली की मासा पुन्हा काठाकडे येतो. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे विभाग जाहीर करतं, आणि गावात सगळ्यांना त्या तोंडपाठ असतात.

मार्गशीर्षात परभणीकडे किमान तापमान एक आकडी होतं तेव्हा पहाटे उठून काठावर कुडकुडण्यात काही शहाणपणा नाही. माशाचं अंग पाण्याएवढंच गार असतं, पचन मंदावतं, भूक कमी होते. अकरा ते चार ही वेळ धरा. गोळी हरभऱ्याएवढी करा, गळ १० नंबरचा (६ पेक्षा बारीक), टाकायचा चारा निम्मा. मरळीसाठी बेडूक ठेवून द्या आणि सात ते दहा ग्रॅमचा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) उन्हातल्या उथळ कोपऱ्यात तळाजवळून रेंगाळत ओढा. चावा झटका देत नाही, दोऱ्याला नुसतं जड वाटतं.

जपायचं ते

परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. कार्बनची सात फुटी काठी उघड्या काठावर उभी धरणं म्हणजे वीज अंगावर बोलावणं. गडगडाट ऐकू आला की काठी जमिनीवर आडवी टाका आणि पाण्यापासून दूर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नाही. उतरलेल्या पाण्याच्या कडेचा काळा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, आत कमरेएवढा ओला असतो. गाळपेर केलेल्या जमिनीवरून गेलेली पायवाट असेल तरच पुढे जा. वाळल्या गवतात घोणस असते, बूट घाला आणि अंधारात बॅटरीशिवाय फिरू नका. पाण्यातून मान काढून पोहणारा ठिपक्यांचा साप बहुधा दिवड असतो. तो चिडका असला तरी बिनविषारी. तरी हात लावायचं कारण नाही.

शिंगाडा (काट्यांचा, मिशांचा मासा) लागला तर त्याच्या पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे आधी बघा. फडक्याने कल्ल्यांच्या मागून धरा आणि पक्कडने गळ काढा. काटा घुसलाच तर जखम धुऊन, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, कळ कमी होते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना गाठा. थाई मांगूर लागला तर पुन्हा पाण्यात सोडू नका. हा परदेशी मासा आहे, देशात त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो स्थानिक माशांची पिलं खातो.

पाण्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. काठावर कुणी तसं करताना दिसलं तर संस्थेला कळवा, स्वतः भांडायला जाऊ नका.

किलोच्या आतला रोहू-कटला सोडून द्या, त्यानं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. सोडताना हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. ठेवायचा मासा ऑक्टोबरच्या उन्हात तासाभरात नरम पडतो, म्हणून बर्फाचा डबा सोबत हवा: दोन किलो माशाला दोन किलो फोडलेला बर्फ, खाली एक थर आणि वर एक. मरळ ओल्या गोणपाटात कित्येक तास जिवंत राहते, तिला बर्फ शेवटी.

तुटलेला दोरा काठावर टाकू नका. याच महिन्यांत पाणपक्षी उतरतात आणि त्यांच्या पायांत तो अडकतो. घरी आल्यावर रिळावरचा वेणीचा दोरा वीस-तीस हात मोकळा सोडून सावलीत वाळवा. ओला गुंडाळून ठेवलात तर पुढच्या खेपेला पहिल्याच फेकीत एक वेटोळं दुसऱ्यात रुतून बसतं आणि १५ ग्रॅमचा बेडूक दोरा तोडून गवतात जाऊन पडतो.